पिंपातला नाताळ

शिरूरला आमच्या गच्चीवर मी वर्षातून एकदा डुकराच्या खांद्याचं मटण कोळशाच्या धगीवर रात्रभर ठेवते, हे आता गल्लीत जुनं झालंय. सुरुवातीला शेजारच्या बायका विचारायच्या, कुठं शिकलात. मोबाईलवर बघून करते, असं त्यांना वाटायचं. दौंडला शिकले म्हटलं की त्यांचा विश्वास बसायचा नाही. दौंड म्हणजे त्यांच्या लेखी गाडी बदलायचं ठिकाण. तिथं कुणी काही शिकतं, तेही असलं, हे त्यांना पटत नसे.

मी दौंडला गेले तेव्हा चोवीस वर्षांची होते. केमिस्ट्रीची पदवी घेतली होती आणि कुरकुंभच्या एका कंपनीत लॅबमध्ये काम मिळालं होतं. गाव आमचं तळेगाव ढमढेरे. तिथून रोज येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून दौंडात खोली शोधायला लागले. खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न यायचा, एकट्याच राहणार का. दुसरा यायचा, जेवणाखाण्याचं कसं. म्हणजे काय खाता. आडनावाचा प्रश्न तिसरा, पण बहुतेक वेळा तो दुसऱ्याच्या पोटातच असायचा. चार ठिकाणी मला "कळवतो" म्हणून सांगितलं. माझ्या वडिलांनी, ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते, तेव्हा फोनवर एवढंच म्हटलं, "पाचवं बघ."

पाचवं घर रेल्वे कॉलनीच्या मागच्या बाजूला होतं. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात पेरूचं झाड, आणि बाजूला वेगळ्या दाराची एक खोली, ती भाड्यानं द्यायची होती. घरात दोघंच, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले सत्तरीपुढचे अंकल आणि त्यांची बायको. दौंडात सगळे त्यांना अंकल-आंटीच म्हणत. अंकलचे आजोबा गोव्याहून रेल्वेत नोकरीला आले ते इथंच राहिले, त्यामुळे अंकल बोलायचे अस्सल दौंडचं. आंटी मात्र लग्न होऊन गोव्याहून आलेल्या. त्यांच्या मराठीला तिकडचा हेल होता आणि त्या मला पहिल्या मिनिटापासून "बाय" म्हणायला लागल्या.

आंटींनी खोली दाखवली, नळ दाखवला, आणि मग त्या प्रश्नावर आल्याच. मी मनाची तयारी केली.

"तू काय खात नाहीस ते सांग, बाय," त्या म्हणाल्या. "सणाला तुला ताट पाठवणार. चुकून नको ते जायला नको."

हा प्रश्न मला आजवर कुणी या बाजूनं विचारला नव्हता. 

"सगळं खाते," मी म्हणाले.

"मग बरं झालं," आंटी म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली.

अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी लांबट झाकून ठेवलेलं होतं. मला वाटलं, जुना बंब असेल. दिवाळी झाल्यावर एका रविवारी अंकलनी ताडपत्री काढली. आत तेलाचं मोठं पिंप होतं, आडवं, मधोमध कापून बिजागऱ्या लावलेलं, म्हणजे वरचा अर्धा भाग झाकणासारखा उघडायचा. खाली लोखंडी अँगलचे पाय. एका बाजूला हवा आत घ्यायला पत्र्याची सरकती खिडकी आणि दुसऱ्या बाजूला पाइपाचं धुराडं. अंकलचे थोरले भाऊ बोटीवर स्वयंपाकी होते. अमेरिकेच्या बंदरात त्यांनी हे पाहिलं, शिकले, आणि एकदा सुटीवर आले तेव्हा दौंडात वेल्डरकडे बसून हे पिंप करून घेतलं. त्या एका सुटीत त्यांनी अंकलना सगळं शिकवलं. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी अंकल पिंप पेटवायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

"चौदा तास?" मी विचारलं.

"कवा पंधरा बी," अंकल म्हणाले. "मटण शिजवायचं नसतं यात. त्याला नुसतं उबेत बसवायचं. त्याचं ते सैल होतं."

अंकल नोकरीला लागले ते कोळशाच्या इंजिनावर फायरमन म्हणून. आगीबद्दल ते बोलायचे ते त्या दिवसांतलं. कोळसा कुठं टाकायचा, किती पातळ पसरायचा, हवा किती सोडायची. "आग भडकवायला अक्कल लागत न्हाई," ते म्हणायचे. "एकसारखी ठेवायला लागते." पिंपाच्या एका कडेनं बाभळीच्या कोळशाची नागमोडी रांग लावायची, तिचं एकच टोक पेटवायचं, म्हणजे आग रात्रभर हळूहळू पुढं सरकत राहते. रांगेवर मधूनमधून पेरूच्या वाळक्या फांदीचे तुकडे ठेवायचे, धुरासाठी. मटण दुसऱ्या कडेला जाळीवर, आगीपासून लांब, आणि त्याच्याखाली पाण्याचं पसरट भांडं. पावसाळ्यात अंगणातल्या पेरूची छाटणी करून फांद्या ते वर्षभर वाळवत. धग बरोबर आहे की नाही, हे बघायचं त्यांचं माप म्हणजे त्यांचा हात. जाळीजवळ तळहात धरायचा आणि आकडे म्हणायचे. आठला हात ओढून घ्यावासा वाटला तर बरोबर. पाचलाच भाजलं तर हवा कमी करायची.

आंटींची या सगळ्यावर एकच तक्रार होती. ती त्यांनी माझ्यापुढं, अंकलच्या देखत, पोळ्या लाटता लाटता सांगितली.

"इतकी वर्षं झाली, नाताळच्या रात्रीची मिस्सा ह्या माणसानं माझ्याबरोबर केली नाही. मी एकटी चर्चला जाते. सगळ्यांचे नवरे शेजारी कोट घालून बसलेले. माझा कुठाय? तर डुकराजवळ."

"इंजिन सोडून ड्रायव्हर जातो का कुठं," अंकल म्हणाले.

मी म्हणाले, "मी बसते पिंपाजवळ. तुम्ही दोघं जा."

आंटींनी लाटणं थांबवलं. अंकलनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी सही न करता कुणाचं तरी इंजिन मागितलंय. पण आंटींच्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी मान डोलावली. पुढच्या दोन रविवारी त्यांनी मला रिकाम्या पिंपावर शिकवलं. खिडकी किती सरकवली की काय होतं, धूर पांढरा जाड यायला लागला तर काय चुकलंय, निळसर पातळ आला तर का बरं. लॅबमध्ये मला कुणी इतकं नीट शिकवलं नव्हतं.

मटण पुण्याहून आणायचं काम माझ्याकडं आलं, कारण त्या दिवशी मला सुटी होती. कॅम्पातल्या एका दुकानातून साडेचार किलोचा खांदा, हाडासकट, वरची चरबी न काढता. अंकलनी कागदावर चित्रच काढून दिलं होतं. बर्फाच्या डब्यात घालून मी दौंडच्या शटलमध्ये बसले आणि डबा पायाशी ठेवला. यवतला एक बाई चढल्या, माझ्या आईच्या वयाच्या, भाजीची रिकामी टोपली घेऊन. शेजारी बसल्या. थोड्या वेळानं त्यांचा पाय डब्याला लागला.

"काय हाय गं यात? लई गार लागतंय."

"औषधं," मी म्हणाले. "कंपनीची."

त्या पाय आवरून बसल्या. पाटसपर्यंत त्यांनी मला त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाचं सांगितलं, चिक्कीचा तुकडा दिला. मी तो खाल्ला. त्या भल्या बाईनं मला काहीही केलं नव्हतं आणि मी तिच्याशी खोटं बोलले होते. घरी आल्यावर मी ते अंकलना सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते डब्यातला बर्फ काढत होते.

"मी बी नोकरीत डबा उघडताना म्हणायचो, बटाट्याची भाजी हाय," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं बटाटाच खाल्ला म्हण की." मग त्यांनी खांदा हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाले, "चांगला आणलास."

दुपारी आंटींनी त्याला मीठ, गूळ, मिरी, लाल मिरचीची पूड आणि गोव्याहून येणारं माडाचं व्हिनेगर चोळलं. पाच वाजता अंकलनी रांगेचं टोक पेटवलं. सहाच्या आत खांदा जाळीवर गेला आणि झाकण बसलं. अकराला दोघं चर्चला निघाली. अंकलनी लग्नातला असावा असा कोट घातला होता. फाटकापाशी जाऊन ते दोनदा परत आले, एकदा खिडकी बघायला आणि एकदा नुसतेच. शेवटी आंटींनी त्यांचा हात धरून नेलं.

मी एक गोष्ट अंकलपासून लपवली होती. लॅबमध्ये वापरतात तसला, दोन तारांच्या टोकांना सुया असलेला थर्मामीटर मी पुण्यात विकत घेतला होता. अंकल हसतील म्हणून दाखवला नव्हता. ती दोघं गेल्यावर मी एक सुई मटणात खुपसली आणि दुसरी तार जाळीला बांधली. पिंपात एकशेदहा अंश, मटणात अडुसष्ट. मला फार बरं वाटलं. खुर्ची ओढून, शाल घेऊन बसले. पलीकडं यार्डात डबे जोडल्याचे आवाज येत होते. धुराचा वास गोडसर होता.

साडेअकराला मटणात अडुसष्ट. बाराला अडुसष्ट. सव्वाबाराला सदुसष्ट.

आतापर्यंत चढत आलेला आकडा थांबला, एवढंच नव्हे, एकानं उतरला. आग विझत चाललीय, असं मी ठरवून टाकलं. वर्षाचं मटण, आंटींची नवऱ्यासोबतची इतक्या वर्षांतली पहिली मिस्सा, आणि माझ्या हातून हे बिघडणार. मी झाकण उघडलं. रांगेवर दोन ओंजळी कोळसा टाकला आणि खिडकी पूर्ण सरकवली. तेवढ्यानं होईना म्हणून थोड्या वेळानं आणखी टाकला. मग आकडे पळायला लागले. पिंपात एकशेतीस, एकशेपन्नास. मी खिडकी लावली, पण इतका कोळसा एकदम पेटल्यावर तो लगेच कुठं ऐकतो. एकशेसत्तर झाले तेव्हा फाटक वाजलं.

अंकल कोटासकट सरळ पिंपाकडं आले. माझा चेहरा त्यांनी पाहिला असणार. आंटी कपडे बदलायला आत गेल्या होत्या. मी काही सांगायच्या आत त्यांनी झाकण उचललं, बाही मागं केली आणि तळहात जाळीजवळ धरला.

"एक, दोन, तीन," ते हळू आवाजात मोजत होते. "चार, पाच."

मी वाट बघत होते की आता हात मागं घेतील.

"सहा, सात, आठ. नऊ. दहा."

ते शांत उभे होते. चेहऱ्यावर काही नाही.

"थंड पडलंय गं," ते म्हणाले. "कोळसा घाल."

माझ्या हातातल्या थर्मामीटरवर एकशेसत्तरच्या वरचा आकडा होता. मी त्यांचं मनगट धरून हात ओढला आणि त्यांना नळाकडं नेलं. बल्बच्या उजेडात तळहात लालभडक दिसत होता. बोटांच्या मुळाशी कातडी पांढरी होऊन फुगायला लागली होती. मी पाणी सोडलं. ते आपल्या हाताकडं दुसऱ्या कुणाच्या हाताकडं बघावं तसे बघत होते.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. जरा वेळानं परत म्हणाले, "न्हाई दुखत. तेच तर."

त्यांना साखरेचा आजार होता, हे मला माहीत होतं. तो हातापायांतली जाणीव घेऊन जातो, हेही कुठंतरी वाचलेलं होतं. ते असं माझ्यासमोर नळाखाली उभं असेल, असं वाटलं नव्हतं. अंकलनी कोट काढून मला धरायला दिला आणि खुर्चीवर बसले.

"गेल्या साली बी मटण वरून जळालं हुतं," ते म्हणाले. "मी म्हणलं, कोळसा हलका आला. कोळसेवाल्याच्या दुकानावर जाऊन भांडलो मी. म्हातारा माणूस भांडतोय म्हणून त्यानं ऐकून घेतलं."

मग मी त्यांना माझं सांगितलं. आकडा अडकला, मी घाबरले, कोळसा टाकला. थर्मामीटर दाखवला. ते हसले नाहीत. सुईला हात लावून बघितला.

"अडकला न्हवता," ते म्हणाले. "मटणाला घाम सुटतो त्या वक्ताला. तो घाम सुकत असतो तवर ते तापत न्हाई. दोन तास, कवा चार तास. आपून नुसतं बसायचं. माझा भाऊ म्हणायचा, याच टायमाला माणसं झाकण उघडत्यात."

मी केमिस्ट्रीची पदवीधर. पाण्याची वाफ होताना उष्णता ओढून घेते, माठातलं पाणी त्यानंच गार होतं, हे मी परीक्षेत लिहिलेलं. मला त्या क्षणी इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी शाल डोक्यावरून घेतली. अंकलना ते कळलं असावं. त्यांनी मला कामाला लावलं. चिमट्यानं पेटते कोळसे काढून लोखंडी घमेल्यात टाक, झाकण ठेव, धुराडं अर्धं बंद कर, पाणी घाल. ते सांगत गेले, मी करत गेले. अर्ध्या तासात आकडा एकशेवीसवर आला.

"आंटीला सांगू नको," ते म्हणाले. "आज तरी."

सकाळपर्यंत आम्ही दोघं बसलो. त्यांनी इंजिनावरच्या दिवसांचं सांगितलं. शेगडीचं दार उघडलं की मांड्या भाजायच्या आणि पाठीला थंडी वाजायची, हिवाळ्यात तर ताप आल्यासारखं व्हायचं. हाताला फोड आले की त्यांना अभिमान वाटायचा. तीन वाजता मटणाचा आकडा पुन्हा चढायला लागला, आपला आपण. सत्तर, बहात्तर, पंचाहत्तर. मी दर आकडा त्यांना वाचून दाखवत होते आणि ते मान हलवत होते.

सकाळी आंटी चहा घेऊन आल्या. अंकलनी कप डाव्या हातानं घेतला. आंटींनी किटली खाली ठेवली, त्यांचा उजवा हात उलटा केला, बराच वेळ पाहिला.

"पायाचं मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "चप्पल पायातून निघून जाते आणि हे तसेच पुढं चालतात. हाताचं नव्हतं ठाऊक."

अंकल म्हणाले, "मला बी कालच कळलं."

आंटींनी मलम आणलं, पट्टी बांधली. रागावल्या नाहीत. पट्टी बांधून झाल्यावर तो हात त्यांनी आपल्या मांडीवर थोडा वेळ तसाच ठेवला. मी उठून पिंपाकडं गेले.

नऊच्या सुमारास आकडा पंच्याण्णवला आला. अंकलच्या सांगण्यावरून मी खांदा काढला, कागदात, मग जुन्या चादरीत गुंडाळून तासभर पातेल्यात ठेवला. उघडला तेव्हा वरची साल माझ्या चुकीनं एका बाजूला काळी झालेली होती. पण हाड मी दोन बोटांनी धरून ओढलं आणि ते कोरडं, स्वच्छ बाहेर आलं. आंटींनी काट्यानं मटणाचे धागे सोडवले, त्यात खालच्या भांड्यात गळलेला रस आणि थोडं व्हिनेगर घातलं. पावात घालून आम्ही अंगणातच उभ्यानं खाल्लं. धूर, गूळ, आंबट, आणि मधूनच करपलेला कडवट तुकडा. आंटी म्हणाल्या की करपलेलंच चांगलं लागतं. त्या तसं माझ्यासाठी म्हणाल्या असतील, पण आज मी मुद्दाम थोडं करपवते.

पुढच्या वर्षी अंकलनी दिवाळीतच विचारलं, "तुझी ती सुई हाय का?" हाताची मोजणी त्यांनी सोडली. चष्मा लावून आकडे बघायचे आणि कॅलेंडरच्या मागच्या कागदावर तासातासाला लिहून ठेवायचे. त्या नाताळला मी आई-वडिलांना दौंडला बोलावलं.

वडील डुकराचं मटण खात नसत. आमच्या घरी ते शिजतच नसे. आईच्या माहेरी, यवतजवळ, तिच्या लहानपणी वर्षातून एकदोनदा व्हायचं, एवढं मला तुटक माहीत होतं. ते का बंद झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं. आमच्याकडं काही गोष्टी विचारायच्या नसतात, हे विचारण्याआधीच कळायचं.

वडील आले, पांढरा सदरा घालून, खिशाला पेन. अंकलनी त्यांना "मास्तर" म्हणून हाक मारली आणि पिंपाजवळ खुर्ची दिली. आंटींच्या सोबतीला त्या रात्री आई चर्चला गेली, बघायचं म्हणून. पिंपाजवळ आम्ही तिघं. अंकल कोळशाची रांग कशी लावतात ते वडिलांनी वाकून पाहिलं, दोन प्रश्न विचारले. मग म्हणाले, "साहेब, एक सांगून ठेवतो. सकाळी मी हे खाणार न्हाई. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"मास्तर, तुमच्यासाठी कोंबडी हाय," अंकल म्हणाले. "वाईट कशापायी वाटंल."

वडील खुर्चीत मागं रेलले. मग आपणहून बोलायला लागले, माझ्याकडं न बघता.

"मी नोकरीला लागलो त्या गावात लोक मुलांना शाळेत पाठवायला तयार नव्हते. नवा मास्तर काय खातो, यावर पारावर चर्चा. मी ठरवलं, बोट दाखवायला एक जागा कमी करायची. लग्न झाल्यावर हिच्या आईलाबी सांगितलं. ती काही बोलली न्हाई." ते थांबले. "ती काही बोलली न्हाई, हे मला पुष्कळ उशिरा लक्षात आलं."

अंकलनी झाकणाच्या फटीतून येणारा धूर पाहिला. "शाळेत पोरं आली का मग?"

"आली. हळूहळू सगळी आली."

"मग झालं तर," अंकल म्हणाले.

सकाळी आंटींनी ताटं केली. वडिलांच्या ताटात कोंबडी. आईपुढं त्यांनी दोन्ही भांडी ठेवली आणि काही न विचारता पाव आणायला आत गेल्या. आईनं वडिलांकडं पाहिलं नाही. तिनं मटणाचा एक धागा उचलून तोंडात टाकला, आणि चावता चावता खाली बघत राहिली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं हलणारं मंगळसूत्र दिसत होतं. वडिलांनी हात लांब केला, मटणाचं भांडं उचललं आणि तिच्या ताटाच्या आणखी जवळ सरकवलं.

"आमच्याकडं धूर नसायचा," आई आंटींना म्हणाली, पाव हातात घेत. "चुलीवर मोठ्या तपेल्यात. पण ताई, चरबी हीच. ही चव हीच."

परतीच्या बसमध्ये त्या दोघांत काय बोलणं झालं, मला माहीत नाही. पुढं आई तळेगावच्या घरी कधी करायला लागली असं काही झालं नाही. पण दर डिसेंबरात ती मला फोनवर विचारायची, यंदा जाऊ का आपण दौंडला. आणखी दोन नाताळ आम्ही सगळे तिथं होतो. त्यातल्या शेवटच्या वेळी अंकल खुर्चीतच होते. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली होती. त्यांनी मला नुसतं सांगितलं आणि मी सगळं केलं, आणि आकड्यांचा कागदही मीच लिहिला.

फेब्रुवारीत अंकल गेले. माझं लग्न ठरून मी शिरूरला जायच्या बेतात होते. आंटींना मुलीनं बंगळुरूला न्यायचं ठरवलं. घर विकलं गेलं. पिंपाचा तळ गंजून पत्रा सुटायला लागला होता. मी ते शिरूरला नेलं नाही. आंटींनीच भंगारवाल्याला बोलावलं, आणि तो उचलताना धुराडं निखळून पडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांच्या भावानं बसवलेलं ते. कधी नीट बसलंच नव्हतं."

आंटींना गाडीत बसवायला मी दौंड स्टेशनला गेले. मुलगी सामान लावून पाणी आणायला गेली होती. गाडी तासभर लेट होती. आम्ही बाकावर बसून ब्रेड-ऑम्लेट खाल्लं. आंटी फलाटाकडं बघत होत्या.

"लग्न करून आले ना, बाय, तेव्हा इथंच उतरले," त्या म्हणाल्या. "ट्रंक, पिशव्या, पायात नवीन बूट. ह्यांना उतरल्या उतरल्या कुणीतरी बोलवायला आलं. इंजिनावरचा कुणी आजारी पडला होता, गाडी अडली होती. हे मला म्हणाले, तू बस, मी येतो. आणि गेले, इंजिनावर चढून. सोलापूरपर्यंत."

"मग?"

"मग काय. बसले. हमालानं चहा आणून दिला. मला मराठी येत नव्हती, त्याला कोंकणी येत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी आले, तोंड काळं, डोळे लाल. मी म्हटलं, मी परत जाते." त्या हसल्या. "तर म्हणतात कसे, गाडी संध्याकाळी आहे, तोवर जेवून तर घे."

"जेवलात?"

"भूक लागली होती गं," आंटी म्हणाल्या. "आणि जेवून झोप लागली. उठले तेव्हा गाडी गेली होती."

मुलगी पाण्याच्या बाटल्या घेऊन आली. गाडीची घोषणा झाली आणि आंटी उठून पदर खोचत पिशव्या मोजायला लागल्या.